शिकागोला जा, पण लग्नानंतर चार दिवसांनी नको

हा नोव्हेंबर २०२१ मधला, कोविडच्या काळातला प्रश्न आहे, आणि उत्तरातले प्रवासाचे नि लसीचे नियमही तेव्हाचेच आहेत. प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या मनीषनगरातले एक निवृत्त गृहस्थ, वय ६७, विचारतात: "माझे कोव्हॅक्सिनचे दोन्ही डोस मार्च-एप्रिलमध्येच झाले. पत्नीला एप्रिलमध्ये कोविड झाला, दवाखान्यात ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड द्यावे लागले. तिची कोव्हॅक्सिन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झाली. शुगर मात्र तेव्हा चढली ती उतरायचं नाव घेत नाही, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, ८.९ आहे. मुलगा-सून शिकागोला असतात, जानेवारीच्या सुरुवातीला बाळ येणार. ११ डिसेंबरला काटोलला पुतणीचं लग्न आहे, १५ तारखेचं दिल्लीहून विमान पाहून ठेवलंय. धाकट्या भावाने, म्हणजे नवरीच्या वडिलांनी, अजून एकही डोस घेतला नाही. आम्ही जावं का? आणि डॉक्टर, एकदाचं सगळं पूर्वीसारखं कधी होणार?"

जा. दिवाळीपासून हा प्रश्न माझ्याकडे रोज येतो आणि बहुतेकांना मी हेच सांगतो. तुम्हाला मात्र १५ तारीख बदलायला सांगणार आहे. विमानप्रवासाची तुम्हाला जी धास्ती वाटते ती अर्ध्याहून जास्त चुकीच्या जागी आहे. खरा धोका काटोलच्या मांडवात आहे आणि वहिनींच्या साखरेत आहे.

आधी लसीचं. ३ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिनला आपत्कालीन वापराच्या यादीत घेतलं आणि ८ नोव्हेंबरपासून अमेरिकेने पूर्ण लसीकरण झालेल्या परदेशी प्रवाशांना दार उघडलं. २०२१ च्या त्या नियमात संघटनेच्या यादीतली लस तिथे चालत होती, म्हणून तुमचं प्रमाणपत्र चालेल. कोविशील्डला ही मान्यता फेब्रुवारीतच मिळाली होती. त्यामुळे कोव्हॅक्सिनवाल्यांचा जीव मधले आठ महिने टांगणीला होता. काहींनी तर दुसऱ्या मोबाइल नंबरवर नोंदणी करून वरून कोविशील्ड टोचून घेण्याचा घाट घातला. माझ्याकडे सल्ल्याला आलेल्यांना मी परत पाठवलं आणि आता तर त्याची गरजच उरली नाही. एका माणसाच्या नावावर दोन लसींची दोन प्रमाणपत्रं निघाली तर इमिग्रेशनच्या खिडकीवर त्याने काय उत्तर द्यायचं?

आता ही लस काय देते ते नीट समजून घ्या, कारण लोकांच्या अपेक्षा दोन टोकांना गेल्यात. कोणाला वाटतं आता काहीच होणार नाही, कोणाला वाटतं लसीचा काही उपयोगच नाही. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत सुमारे २५,८०० स्वयंसेवक होते. त्याचे निकाल नोव्हेंबर २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. लक्षणं दिसणाऱ्या कोविडपासून संरक्षण ७७.८ टक्के, विषाणूच्या एकट्या डेल्टा प्रकाराचा हिशोब केला तर ६५.२ टक्के, आणि गंभीर आजारापासून ९३.४ टक्के. हा शेवटचा आकडा कुठून आला ते पाहा. लस न मिळालेल्या गटात १५ जण गंभीर झाले, लस मिळालेल्या गटात एक. आकडे लहान आहेत, म्हणून मी ९३ च्या दशांशावर जात नाही. पण १५ ला एक हे पुरेसं बोलकं आहे. याचा तुमच्यापुरता अर्थ एवढाच की तुम्हाला सर्दी-ताप-खोकल्याचा कोविड अजूनही होऊ शकतो आणि तुमच्यापासून दुसऱ्याला लागूही शकतो. एप्रिलमध्ये मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या दारात खाटेसाठी जे थांबावं लागलं, ती वेळ येण्याची शक्यता मात्र खूपच कमी झाली आहे. आणि हो, लस "लागली की नाही" हे पाहायला अँटिबॉडी तपासून येऊ नका. त्या आकड्यावर मी तुमच्यासाठी कुठलाही निर्णय घेणार नाही, मग तो पैसा कशाला घालवायचा?

आता तारखेचं गणित. तुळशीची लग्नं लागली, दोन वर्षं अडकलेली सगळी माणसांची लग्नं आता एकदम सुटणार. डेल्टाचा संसर्ग झाल्यावर लक्षणं यायला साधारण चार दिवस लागतात आणि माणूस लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीपासून इतरांना आजार देऊ लागतो. ११ ला मांडवात कोणाकडून घेतलात, तर १३ ला दिलेला नमुना बहुधा निगेटिव्ह येईल. अमेरिकेला नोव्हेंबर २०२१ मध्ये निघण्याआधीच्या तीन दिवसांतली चाचणी लागत होती. म्हणजे तुमचा कागद अगदी नियमात बसेल, तुम्ही विमानात चढाल आणि १६ ला शिकागोत नऊ महिन्यांच्या गरोदर सुनेच्या घरात तुम्हाला कणकण येईल. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, कोविड जास्त त्रास देतो. माझी धास्ती आहे ती या निगेटिव्ह रिपोर्टची. पॉझिटिव्ह आला तर निदान तिकीटच बुडेल.

म्हणून लग्न आणि विमान यांच्यात किमान दहा-बारा दिवस ठेवा. २३-२४ डिसेंबरचं तिकीट नाताळच्या गर्दीत महाग पडेल, तरी तेच घ्या. बाळ जानेवारीत आहे, वेळेत पोचाल. मधल्या दिवसांत बाकीची रिसेप्शनं टाळा. आहेर पाठवता येतो, लोक यंदा समजून घेतात.

लग्नाला जाऊच नका असं मी म्हणणार नाही. सख्ख्या पुतणीच्या अक्षतांना मोठे काका नसले तर ते घर ती गोष्ट वीस वर्षं विसरणार नाही. पण कसे जाणार ते विचारा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप सुरू होता, त्यामुळे नागपूरहून अर्धं वऱ्हाड क्रूझर-टॅव्हेऱ्यांत कोंबून निघणार होतं. काचा बंद, एका गाडीत दहा-बारा जण, पोरी गाणी म्हणताहेत, तास-दीड तासाचा रस्ता. सबंध लग्नात सगळ्यात वाईट हवा या गाडीतली. तुम्ही दोघं आपल्या गाडीने जा, काचा उतरवून. अक्षता उघड्या मंडपात असतील तर पुढे बसा, तोंडावर एन-९५ ठेवा. जेवणाच्या पंगतीत मात्र मास्क सगळ्यांचाच उतरतो, म्हणून गर्दी ओसरल्यावर शेवटच्या पंगतीला बसा किंवा डबा बांधून घ्या. सीमांतपूजन आणि आदल्या रात्रीचं हॉलमधलं जेवण सोडा. भावाला आधीच फोन करून सांगा, म्हणजे ऐन वेळी रुसवा नको.

या गाडीच्या मानाने विमान बरं. मोठ्या विमानात केबिनची हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते आणि फिरणारी हवा हेपा गाळणीतून जाते, जी ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवते. मांडवाच्या पंख्याकडून ही अपेक्षा नाही. विमानप्रवासात धोका असतो तो दिल्लीच्या रांगांत, बोर्डिंगच्या चेंगराचेंगरीत आणि शेजारचा नि तुम्ही एकाच वेळी मास्क काढून जेवता तेव्हा. तो जेवून मास्क लावेल तोवर थांबा, मग आपलं झाकण उघडा. व्हॉल्व्ह नसलेले एन-९५ पाच-सहा जवळ ठेवा. दिल्लीहून शिकागोला थेट विमान आहे, पंधरा तासांच्या आसपास लागतात, तेच घ्या. युरोपमार्गे दोन पैसे वाचतील, पण नोव्हेंबर २०२१ मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियाकडे आकडे पुन्हा चढत होते, आणि मधल्या देशाने रात्रीतून नियम बदलला तर दोन ज्येष्ठ माणसं फ्रँकफर्टच्या बाकावर अडकायची. शिवाय तारीख बदलता येईल असंच तिकीट काढा, भले चार पैसे जास्त जावोत.

वहिनींबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि तुम्ही ते कंसात टाकलंय.

स्टेरॉइडने साखर चढते हे सगळ्यांना कळलं, मे महिन्यात नागपूरने म्युकरची, म्हणजे काळ्या बुरशीच्या रुग्णांची, रांग पाहिली तेव्हापासून तर रिक्षावाल्यालाही कळलं. पण स्टेरॉइड थांबून सहा महिने झाल्यावरही ८.९ राहतं, तेव्हा ते स्टेरॉइडच्या खात्यावर टाकून चालत नाही. हा मधुमेह आधीच मुरत असणार, कोविडने तो उघडा पाडला. गोळ्या बदलायच्या की इन्सुलिन वाढवायचं ते तिचे डॉक्टर ठरवतील, पण ते आता ठरवा, निघायच्या आठवड्यात नको. एचबीएवनसी तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, तो महिन्याभरात पूर्ण हलणार नाही. म्हणून त्याच्या मागे न लागता घरी ग्लुकोमीटर घ्या. सकाळी उपाशीपोटी १३० च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत येऊ लागलं की मी म्हणेन निघा. उपाशीपोटीच २०० च्या वर असेल, तर त्या स्थितीत संसर्ग अंगावर घेणं म्हणजे लसीने दिलेलं अर्धं परत करणं.

दुसरी गोष्ट फुप्फुसाची. विमानाच्या केबिनमध्ये दाब समुद्रसपाटीचा नसतो, सहा ते आठ हजार फूट उंचीवर जेवढा असतो तेवढा असतो. धडधाकट माणसाचाही ऑक्सिजन तिथे दोन-चार अंकांनी उतरतो आणि त्याला पत्ता लागत नाही. ज्यांच्या फुप्फुसात कोविडचा व्रण उरलाय त्यांना तो लागतो. घरीच एक चाचणी करा. ऑक्सिमीटर बोटाला लावा, बसल्या जागी आकडा लिहा. मग घराच्या ओसरीत किंवा सोसायटीच्या रस्त्यावर सपाट जागी, आपल्या नेहमीच्या चालीपेक्षा थोडं भरभर, सहा मिनिटं चाला. तुम्ही सोबत चाला आणि आकडा पाहत राहा. नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, हात थंड नको, नाहीतर आकडा खोटा येतो. डिसेंबरच्या सकाळी तर नकोच, दुपारी करा. सहाव्या मिनिटाला ९४ च्या खाली गेला, किंवा सुरुवातीपेक्षा तीन-चारने उतरला, किंवा तिला मध्येच बसावं लागलं, तर छातीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तिकीट पक्कं करू नका. तो ९६-९७ ला टिकून राहिला तर फुप्फुसाची चिंता सोडा.

इन्सुलिन आणि गोळ्या हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट, आणि जेवढे दिवस राहणार त्यापेक्षा पंधरा दिवस जास्तीच्या. सामानाच्या पोटात टाकलेलं इन्सुलिन गोठू शकतं आणि गोठलेलं फेकूनच द्यावं लागतं. शिकागो आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, म्हणजे दिवसाची रात्र होते. पहिल्या दोन दिवसांचं इन्सुलिनचं वेळापत्रक डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मुलाने फोनवर हिशोब करून सांगितलेलं चालणार नाही. पायांत गुठळी होऊ नये म्हणून कडेची सीट, दर तास-दोन तासांनी एक फेरी, बसल्या जागी टाचा वर-खाली, भरपूर पाणी. गुडघ्याखालचे घट्ट मोजे मिळाले तर चांगलंच. ॲस्पिरिन मनाने सुरू करू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मुलगा विचारेल. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बाळाजवळ येणाऱ्या आजी-आजोबांकडे फ्लूची लस आणि टीडॅप मागतात. टीडॅपमध्ये धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला येतो. मोठ्या माणसाचा डांग्या खोकला साध्या रेंगाळलेल्या खोकल्यासारखा दिसतो, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो. या दोन्ही लसी नागपुरात मिळतात. निघण्याच्या दोन आठवडे आधी घेऊन ठेवा. कोविडच्या लसीत नि यांत आता पुरेसं अंतर पडलंय, काही अडचण नाही. वहिनींना न्यूमोनियाच्या न्यूमोकोकल लसीबद्दलही विचारा, मधुमेहात ती मी देतोच. कोविडच्या तिसऱ्या डोसचं मात्र आपल्याकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये काही ठरलेलं नव्हतं, त्यासाठी थांबू नका.

कागदपत्रांत लोक अडकतात ते नावावर. तुमचं आधारवर "राव" असेल आणि पासपोर्टवर नसेल, वहिनींच्या आधारवर मधलं नाव पूर्ण असेल आणि पासपोर्टवर वेगळ्या स्पेलिंगचं. लस आधारवर झाली, प्रमाणपत्र आधारसारखं निघालं, आणि विमान कंपनीची मुलगी पासपोर्ट पाहणार. कोविन या लसनोंदणीच्या संकेतस्थळावर जाऊन नाव पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करा, पासपोर्ट नंबर जोडा आणि परदेशप्रवासाचं वेगळं प्रमाणपत्र काढा. त्यात आता पूर्ण जन्मतारीख येते, साध्या प्रमाणपत्रात नुसतं वय असतं. दुरुस्तीची संधी वारंवार मिळत नाही, म्हणून स्पेलिंग पासपोर्ट समोर ठेवूनच टाइप करा, पाठ आहे म्हणून नको. चाचणीच्या रिपोर्टवरही नाव नि जन्मतारीख पासपोर्टसारखीच घालायला लॅबवाल्याला सांगा. परत येताना आपल्याकडचे नियम २०२१ मध्ये वेगळे होते: एअर सुविधाचा, म्हणजे प्रवाशांनी ऑनलाइन भरायचा, फॉर्म आणि निघण्याआधीच्या ७२ तासांतली आरटीपीसीआर. अमेरिकेला तेव्हा अँटिजेन चालत होती, भारताला चालत नव्हती, हे मुलाला आत्ताच सांगून ठेवा. प्रवास विमा काढताना कोविडचा खर्च आणि आधीपासूनचा मधुमेह, या दोन ओळी स्वतः वाचा.

भावाकडे येतो. तो अडाणी नाही, घाबरट नाही. काटोल-नरखेडकडचे बरेच शेतकरी मी पाहतो, लस न घेण्याची त्यांची कारणं व्हॉट्सॲपवर फिरतात ती नसतात. दिवाळीनंतर कापूस वेचणीला येतो, संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला असतो, व्यापारी दारात उभा असतो. अशात दोन दिवस तापाने अंथरूण धरणं त्याला परवडत नाही, आणि ते तो बोलून दाखवत नाही, त्याऐवजी "आमच्याकडे कोणाला काही होत नाही" म्हणतो. त्याच्याशी लसीच्या गुणांवर वाद घालू नका. तोडणीचा खाडा कोणत्या दिवशी आहे ते विचारा आणि आदल्या संध्याकाळी नेऊन बसवा. ताप आला तर पॅरासिटामॉल, बहुतेकांचा दुसऱ्या दिवशी उतरतो. लसीने रक्तात गुठळ्या होतात असं त्याने ऐकलं असेल तर त्याला खरा आकडा सांगा: सरकारी समितीने मे २०२१ मध्ये मोजलं तेव्हा कोविशील्डच्या दर दहा लाख डोसमागे अशा ०.६१ घटना होत्या. हर घर दस्तक या घरोघरच्या लसीकरण मोहिमेत आशाताई आणि नर्स नोव्हेंबर २०२१ मध्ये घरापर्यंत, वावरापर्यंत येत होत्या, त्याला तालुक्याला जायचीही गरज नव्हती. आज एक डोस घेतला तर लग्नापर्यंत थोडं संरक्षण येईल, पूर्ण नाही. कोविशील्डचा दुसरा तेव्हा ८४ दिवसांनी मिळत होता. लेकीच्या लग्नात दोन-चारशे लोकांच्या पाया पडणारा, गळ्यात पडणारा माणूस तोच आहे आणि मांडवात सगळ्यात उघडा तोच आहे. हे तुम्ही मोठा भाऊ म्हणून सांगा. माझ्या सांगण्याने तो नुसता "हो डॉक्टर" म्हणेल.

राहिलं पूर्वीसारखं कधी होणार ते. नागपुरात नोव्हेंबर २०२१ मध्ये रोजचे रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते, घटस्थापनेला देवळं उघडली होती, थिएटरं सुरू झाली होती, सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीजवळ पुन्हा कोपराला कोपर लागत होतं. तरी "कोविड संपला" अशी एखादी तारीख सरकार जाहीर करेल आणि मग आपण निघू, असं धरून बसू नका. ती तारीख येणार नाही. आकडे चढतील, उतरतील. देशात १०० कोटी डोस झाले तरी तुमच्या नात्यातच एक माणूस बाकी आहे, तसे घरोघरी आहेत. उतार असतो तेव्हा महत्त्वाची कामं करून घ्यायची. नातवंडाचा जन्म हे महत्त्वाचं काम आहे. मॉलमधली सेल नाही, आणि तुमच्या वयाला बंद खोलीत आठ जणांनी रात्रभर रमी खेळणंही नाही, ते मार्चपर्यंत थांबू शकतं. फुटाळा तलावावर फिरायला जा, मोकळ्या जागी मित्रांना भेटा, तिथे मास्क हनुवटीवर असला तरी मी रागावणार नाही.

या आठवड्यात तिकिटाची तारीख बदला, वहिनींची सात दिवसांची साखर आणि सहा मिनिटांच्या चालण्याचे दोन्ही आकडे एका कागदावर लिहून दाखवा. आकडे बरे असतील तर टीडॅप त्याच दिवशी देऊन टाकू.